इकडे सर्व खुशाल

फौजेतून माणूस घरी येताना दोनच गोष्टी घेऊन येतो. एक, पांढऱ्या रंगानं नाव-नंबर घातलेली काळी पत्र्याची ट्रंक, आणि दुसरे किस्से. ट्रंक गंजत जाते. किस्से मात्र वर्षाला वीतभर वाढतात! बेळगावजवळच्या आमच्या पिरनवाडीच्या कट्ट्यावर ते इतके साचलेत की नवीन माणसाला टेकायला जागा नाही.

कट्टा म्हणजे भरमाच्या चहाच्या टपरीसमोरची दोन बाकडी. भरमा आमच्या पलटणीतला लंगरचा कुक. वीस वर्षं जवानांना पातळ चहा पाजला, आता पिरनवाडीला पाजतो. मी त्याच पलटणीत सिग्नलवाला. टेलिफोनच्या तारा ओढायच्या आणि दिवसभर 'हॅलो, हॅलो' ओरडायचं. रिटायर होऊन जमाना झाला, तरी इथं मला कुणी नावानं हाक मारत नाही. "ए सिग्नल!" बस्स, एवढंच.

आणि बाकड्याच्या मधोमध, पाठ ताठ, मिशी त्याहून ताठ, ते सुभेदार आप्पा. वय ब्याऐंशी. आम्ही भरती झालो तेव्हा आप्पा आमचे सुभेदार होते. आजही आहेत, निदान त्यांच्या मते. त्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं. फौजेत सातची परेड म्हणजे सहा पंचावन्नला उभं राहायचं, म्हणून! आता आप्पांना परेडला कुणी बोलवत नाही, पण घड्याळाला हे सांगायची हिंमत घरात कुणाची नाही.

आप्पांचा मुलगा आनंदा भरतीला गेला होता, छाती कमी भरली, म्हणून फौंड्रीत लागला. "छाती भरली न्हाय, पण प्वॉट मातर येळंवर भरतंय," असं आप्पा त्याच्याच देखत सांगतात. नातू सूरज मात्र पहिल्या फटक्यात भरती झाला आणि सध्या वर आहे. 'वर' म्हणजे कुठं, हे विचारायचं नसतं. जिथं बर्फ असतो आणि पाहुणे येत नाहीत, तिथं.

सूरजची रजा दिवाळीनंतर. आप्पा रोज सकाळी बाकड्यावर बसताना म्हणतात, "मला काय, यील तवा यील." आणि लगेच किती दिवस उरले ते सांगतात. आजवर एकदाही चुकले नाहीत. त्या पोराला डोळ्यांनी बघायचं, एवढ्यावर म्हातारा जगतोय, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक. पण तसं तोंडावर म्हणालो तर कोर्टमार्शल!

*

आप्पांच्या काळात घर म्हणजे निळं आंतर्देशीय पत्र. आप्पांच्या आईला अक्षरओळख नाही, बायकोला नाही, त्यामुळे गावातले मास्तरच वाचणार आणि मास्तरच लिहिणार. मास्तरांची सुरुवात ठरलेली, 'इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली कळवावी.' मधे पाऊस, म्हैस आणि आशीर्वाद. म्हैस व्याली तेव्हा तिच्यावर चार ओळी, आणि आनंदा जन्मला तेव्हा अर्धी! मास्तरांसमोर बाळंतपणाचं बोलणार कोण?

लढाईच्या दिवसांत जवानांची पत्रं आधी साहेब लोक वाचायचे. नको ते दिसलं की काळ्या शाईनं मारायचे. आप्पांनी एकदा ठरवलं की आईला सगळं सविस्तर लिहायचं. लिहिलं. डोंगराचं नाव, नदीचं नाव, तोफा कुठल्या अंगाला, वारा कुठल्या अंगाला, काही म्हणून सोडलं नाही. पत्र गावाला पोचलं तेव्हा त्यात तीनच शब्द जिवंत होते, 'इकडे सर्व खुशाल'. बाकी कागद काळाकुट्ट.

काळं पत्र बघून घरातल्या बायांनी गळा काढला. मास्तरांनी चष्मा पुसला, पत्र उलटसुलट केलं आणि म्हणाले, "रडतासा कशाला? पोरगं खुशाल हाय. बाकीचं सरकारला म्हाईत!"

ते पत्र आजही ट्रंकेत जपून ठेवलंय, असं आप्पा सांगतात. भरमा म्हणतो, असलं पत्रच नाही. हा वाद आमच्या कट्ट्यावर बारा वर्षं चाललाय, आणि या वर्षी तो फार महागात पडला. ते पुढं येईलच.

*

आमच्या पिढीला पत्रांचा कंटाळा आला, कारण आमच्याकडे टेलिफोन आला. म्हणजे माझ्याकडे आला. आमच्या चौकीवर, म्हणजे पोस्टवर, एक काळा डबा, त्याला दांडी. दांडी फिरवा, खालच्या एक्सचेंजला ओरडा, तो त्याच्या खालच्याला ओरडणार, असं चार जणांनी ओरडल्यावर गावाची घंटी वाजायची. माणशी दोन मिनिटं. आणि मागं रांगेत उभे असलेले पंधरा जण तुमचा संसार कान देऊन ऐकणार!

भरमाचं मूळ गाव निपाणीजवळ. साऱ्या गल्लीत फोन एकच, तो तंबाखूच्या वखारीत. बायको तिथून बरीच लांब, घरी विड्या वळत बसलेली. भरमाचा फोन गेला की वखारीतले दिवाणजी उचलणार, कुणाला तरी पिटाळणार, बायको हातातलं सूप टाकून पळत सुटणार, आणि ती वखारीच्या दारात पोचली की इकडं भरमाची दोन मिनिटं संपणार. नियम म्हणजे नियम. मी लाइन कापायचो.

आता दोन मिनिटं फुकट कशाला घालवायची, म्हणून भरमा दिवाणजींशीच बोलायचा. तब्येत कशी, पाऊस कसा, तंबाखू कसा निघाला. दिवाणजीही मायाळू माणूस. "भरमा, थंडीत कान झाकत जा," असं सांगायचे. तीन वर्षांत या दोघांचं असं काही जमलं की विचारू नका.

तीन वर्षांनी भरमा लांब रजेवर घरी गेला. बायकोनं ओवाळलं, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "आदी दिवाणजींस्नी भेटून या. त्येनी लई वाट बघत्यात!"

*

आता नवीन पिढीचं ऐका. सूरजचा वाढदिवस झाला, त्याचा फोटो आला. बर्फात केक! वर क्रीम, त्यावर नाव. आप्पांनी फोटो भरमाच्या मोबाइलवर लांब धरून बघितला आणि विचारलं, "लढाय गेलाय का बारशाला?"

मग आम्हाला आमचा वाढदिवस आठवला. आमच्या वेळी पलटणीत एक तरुण साहेब नवीन आले. फार हौशी. त्यांनी फर्मान काढलं की ज्या जवानाचा वाढदिवस असेल, त्याला त्या दिवशी ड्यूटी माफ आणि लंगरातून वाटीभर शिरा. टाळ्या पडल्या. साहेबांनी रजिस्टर काही उघडून बघितलं नाही.

एक जून उजाडला. सकाळी लंगरसमोर रांग लागली. भरमा कढई घेऊन उभा, आणि रांग काही संपेना. अर्धी कंपनी हजर! कारण आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरांची जन्मतारीख शाळेतले मास्तर लावायचे, आणि मास्तरांना एकच तारीख माहीत होती. त्या दिवशी पहाऱ्यावर उभं राहायला माणूस मिळेना. रवा संपला तो वेगळाच.

साहेब लालेलाल. सुभेदार आप्पांना समोर उभं केलं. "सुभेदार साब, आपके इलाके में सारे बच्चे एक ही दिन पैदा होते हैं क्या?"

आप्पांनी खाडकन टाच जुळवली. "नहीं सर! पैदा तो कभी भी होते हैं. स्कूल में एक ही दिन जाते हैं!"

*

हा पुढचा किस्सा आप्पा सांगत नाहीत. आज ते कट्ट्यावर नाहीत, तोवर मीच सांगून टाकतो.

आप्पा तरुणपणी कुठं तरी ईशान्येला होते. घरून पत्रं वेळेवर येत होती. इकडे सर्व खुशाल, म्हैस बरी, आई आशीर्वाद सांगते. पुढच्या महिन्यात परत तेच. आई आशीर्वाद सांगते. आप्पा रजेवर निघाले, बेळगाव स्टेशनला उतरले आणि घरी जायच्या आधी शहापूरला विणकरांच्या गल्लीत गेले. आईला काठाचं हिरवं लुगडं घेतलं. मागाजवळ बसून, निवडून निवडून.

घरी आले, ट्रंक उतरवली, लुगडं काढलं आणि आईला हाक मारली. आई जाऊन पाच महिने झाले होते. घरच्यांनी ठरवलं होतं की पोस्टवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, त्याचं ड्यूटीवरचं लक्ष उडतं. म्हणून मास्तर पाच महिने मेलेल्या बाईचे आशीर्वाद लिहीत राहिले.

आपण असतो तर मास्तरांचं डोकं फोडलं असतं. आप्पांनी काय केलं? तो घराचा कायमचा नियम करून टाकला! 'पोस्टवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची न्हाय.' आम्हालाही तेच शिकवलं. माझा बाप गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं, ते याच नियमानं. मी आप्पांवर चिडलो होतो. आज बोलत नाही, पण तो राग अजून आहे.

ते लुगडं कुणीच नेसलं नाही. ट्रंकेत आहे, त्या काळ्या पत्राच्या खाली.

*

वातावरण जड झालं की आम्ही भरमाच्या ब्लँकेटचा विषय काढतो.

फौजी नसलेल्यांसाठी थोडं ज्ञान. पलटणीचं ब्लँकेट काळपट करडं असतं, अंगाला टोचतं आणि त्याला कुत्र्याचा वास येतो. मिलिटरी हॉस्पिटलचं, म्हणजे आमच्या भाषेत एमेचचं, ब्लँकेट लालभडक. ते फक्त पेशंटच्या अंगावर. भरमाला एकदा कावीळ झाली, महिनाभर एमेचला होता, आणि सुटताना ते लाल ब्लँकेट 'चुकून' त्याच्या ट्रंकेत आलं. असल्या चुका कुककडून नेहमी व्हायच्या. साखरेच्या बाबतीत तर फारच.

भरमानं ब्लँकेट सासऱ्याला भेट दिलं. सासरा खूश. थंडीत ते खांद्यावर टाकून निपाणीच्या स्टँडवर ऐटीत बसायचा. या माणसानं उभ्या जन्मात कोल्हापूरच्या पुढं एस.टी. बघितली नव्हती.

एक दिवस बसमधून कुणी तरी रिटायर फौजी उतरला. त्याची नजर ब्लँकेटवर पडली. तो थेट आला, शेजारी बसला आणि काळजीनं म्हणाला, "किती दिवस ॲडमिट होता?" सासरा गोंधळला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. "किती दिवस ॲडमिट?" आठवडाभरात चौघांनी विचारलं. सासऱ्यानं घाबरून निपाणीतला डॉक्टर गाठला आणि म्हणाला, "माजं काय तरी बिघाडलंय बगा. फौजेची माणसं वळखायल्यात!"

हे ऐकून आप्पा दर वेळी तेच म्हणतात, "लाल कांबळं म्हंजे एमेच. आंधळ्या फौजीला बी कळतंय."

*

आता सूरजकडे वर टॉवर आलाय. बाकीच्या जगासारखा तोही मोबाइलवर दिसतो. ड्यूटी संपली की खालच्या कॅम्पातून संध्याकाळी बरोबर सातला व्हिडिओ कॉल. काय दाखवायचं, काय नाही, याचे कडक नियम आहेत, म्हणून सूरज कायम एका फळीच्या भिंतीला टेकून बसतो. भिंतीला एक खिळा, खिळ्याला टोपी. एवढीच आपली सरहद्द आम्ही वर्षभर बघतोय. सूरजची आई शांताआक्का तर त्या भिंतीवरही समाधानी नाही. "ती फळी जरा फडक्यानं पुसत जा रं. पाव्हणं बगत्यात!"

फोन ठेवायच्या आधी सूरज सॅल्यूट ठोकतो, मग आप्पा उलट सॅल्यूट देतात. ज्युनियरनं आधी! मोबाइलवर असलं तरी काय झालं?

पत्र होतं तेव्हा जवान घरच्या कटकटीतून सुटलेला असायचा. आता सुटका नाही. नळ गळतो, दाखव सूरजला. म्हैस दूध चोरते, दाखव सूरजला. तो बिचारा डोक्यावर बर्फ घेऊन म्हशीला समजावणार! घरातला मोबाइल वापरता येणारा तोच एक, त्यामुळे सगळं त्याच्याच नंबरला जोडलेलं. गॅससुद्धा.

एकदा सूरज आठ दिवसांसाठी वरच्या पोस्टला गेला, जिथं टॉवर नाही. इकडं सिलेंडर आला. गाडीवाला दारात उभा, "कोड सांगा." कोड सूरजच्या फोनवर गेलेला. शांताआक्कानं समजावलं, विनवलं, शेवटी चिडली. गाडीवाला म्हणतो, "आक्का, कोड बगर सिलेंडर द्याला येत न्हाय. कोड कुठं हाय?"

शांताआक्का म्हणाली, "बॉर्डरवर!"

गाडीवाला सिलेंडर घेऊन परत गेला. आठ दिवस आप्पांच्या घरी चुलीवर जेवण झालं. आप्पा बाकड्यावर ऐटीत सांगत होते, "आमच्या येळंला घरचं जेवाण पोस्टवर पोचत नव्हतं. आता पोस्टमुळं घरात शिजंना! ह्येला म्हंत्यात प्रगती."

*

आता शेवटचा. हा अजून पुरता किस्सा झालेला नाही, ताजा आहे.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. भरमानं परत काळ्या पत्राचा विषय काढला आणि मी, गाढवानं, त्याला साथ दिली. "आप्पा, पत्र हाय तर दाखवा की एकदा." आप्पा उठले, तडक घरी गेले, स्टुलावर चढले आणि माळ्यावरची ट्रंक ओढली. ट्रंक आली. तिच्याबरोबर आप्पाही आले. झाकण उघडं पडलं, आणि लुगड्यावर काळं पत्र खरंच होतं.

खुब्याचं हाड मोडलं. बेळगावातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात छातीठोकपणे काही सांगता येत नाही. हे सगळं आमच्या बारा वर्षांच्या चेष्टेपायी. मी आणि भरमा व्हरांड्यात बसलो होतो, एकमेकांकडे न बघता.

शुद्धीत येताच आप्पांनी हुकूम सोडला, "सूरजला कळवायचं न्हाय."

शांताआक्का पदर खोचून उभी राहिली. "मी सांगतो त्येला. रजा काढून यील. उद्या तुमचं काय बरं-वाईट झालं तर पोरगं मला इचारंल, त्येला काय सांगू?"

"सर्व खुशाल म्हणून सांग."

"आनि तुमी लुगडं घिऊन आलतासा तवा? तुमास्नी बरं वाटलं हुतं?"

 आप्पांना सूरजला बघायचं होतं, हे खोलीतल्या खाटेलाही कळत होतं. पण म्हणाले एवढंच, "नियम म्हंजे नियम. सिग्नल, सातला फोन येतोय. तयारी कर."

तयारी म्हणजे काय, तर दवाखान्याचं घर करायचं! नशिबानं भिंतीचा रंग तोच, फिका हिरवा. भरमा स्कूटरवरून घरचं सामान घेऊन आला. कॅलेंडर, आप्पांचा वर्दीतला फोटो आणि ते भिंतीवरचं घड्याळ. कॅलेंडर आणि फोटो मी जखमेच्या चिकटपट्टीनं खाटेमागं लावले. घड्याळासाठी सलाइनचा स्टँड होताच. नर्स आत आली आणि कानडीत ओरडली, "एन्री इदु?" म्हणजे, हे काय चाललंय? मी तिला सगळं समजावलं. ती जाताना स्वतःच्या हातानं फोटो सरळ करून गेली. तिचा भाऊही वर आहे म्हणे.

आप्पांची दाढी केली, गाऊनवर शर्ट चढवला, डोक्यावर टोपी. सलाइनचा हात चादरीखाली. सात वाजता फोन वाजला. मी मोबाइल धरला, आणि आप्पांनी कमरेत मोडलेलं हाड घेऊन पाठ ताठ केली. काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मला रडू आलं. मी ते खोकल्यात घालवलं.

पहिला दिवस पार पडला. दुसराही. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. सूरज मोबाइल फार जवळ धरत होता. पडदाभर नुसतं नाक आणि दोन डोळे. फळी दिसेना, खिळा दिसेना, टोपी दिसेना. आणि दोन्ही दिवस त्याचा सॅल्यूट राहिला. "रेंज जायली आप्पा, ठेवतो," म्हणून त्यानं घाईनं फोन ठेवला. मी म्हणालो, असेल बुवा, बर्फात रेंजचं काय खरं!

तिसरा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. दुपारी कुणाचा तरी धक्का लागून घड्याळ खाली पडलं आणि बंद झालं. मी धावत जाऊन नवा सेल आणला आणि घड्याळ लावलं. सिग्नलवाला माणूस मी, अर्ध्या सेकंदाचाही फरक ठेवला नाही.

सात वाजले, फोन आला. सूरजचं नाक दिसलं. "आप्पा, जेवलासा?"

"जेवलो की. तू?"

"जेवलो. थंडी लई हाय." मग तो डोळे बारीक करून आप्पांच्या डोक्यावर बघू लागला. "आप्पा, घड्याळ बरोबर कसं काय?"

"घड्याळ बरोबरच असतंय."

"आपल्या घरचं पाच मिंटं फुडं असतंय. आता बरोबर सात वाजल्यात. कुणी हात लावला? तुमच्या घड्याळाला घरात हात लावायची कुणाची टाप न्हाय. आप्पा, तुमी कुठं हाईसा?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भरती झाल्यापासून बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी अचूक असण्याबद्दल फासावर देणार होतं.

आप्पा मात्र माझ्याकडे बघत नव्हते. बोलताना सूरजचा मोबाइल जरा खाली सरकला होता. आप्पांनी माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि डोळ्याजवळ धरला.

"माजं ऱ्हाऊ दे. तुज्या गळ्याखाली ते लाल काय हाय रं?"

सूरजनं झटकन ब्लँकेट खाली ओढलं. फार उशीर झाला होता. शांताआक्कानं तोंडात पदर कोंबला. भरमा भिंतीला टेकला. 

मग आप्पांनी एकदम हळू आवाजात विचारलं, "किती दिवस ॲडमिट?"

"चार," सूरज म्हणाला. "पायाची बोटं बर्फानं गारठल्यात आप्पा, जास्त काय न्हाय. नियम तुमचाच, म्हणून बोललो न्हाय. आनि तुमी?"

"तीन."

आप्पांनी मनात हिशेब केला. चादरीखालचा हात बाहेर काढला, सलाइनच्या नळीसकट.

"म्हंजे तू सीनियर झालास," म्हणाले, आणि त्यांनी नातवाला आधी सॅल्यूट ठोकला.